ग्रीष्मातून वर्षेकडे : चांदवडच्या वस्तीतील ऋतुसंधी आणि आपले औषधालय

ऋतुचर्या हा विषय आपणां सर्वांच्या पाठातला. अष्टांगहृदय सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ज्याने विद्यार्थिदशेत मुखोद्गत केला नाही असा वैद्य विरळाच. तथापि पाठ केलेला ऋतू आणि दारात आलेला ऋतू यांची गाठ घालून देण्याचे काम ज्याच्या त्याच्या गावी वैद्यालाच करावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही चांदवडच्या वस्तीत वैशाखापासून श्रावणापर्यंत जे दिसते, त्याचा शास्त्राशी मेळ घालून पाहत आहोत.

चांदवड हे मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिक व मालेगाव यांच्या दरम्यान, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत वसलेले गाव. रेणुकामातेचे स्थान आणि होळकरांचा रंगमहाल यांमुळे ते बाहेरच्यांस ठाऊक असते. आम्हां वैद्यांस मात्र ते ठाऊक आहे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरडा, जांगलप्राय देश म्हणून. उन्हाळ्यात तालुक्यातील गावांना टँकरची वाट पाहावी लागते. मृगाचे नक्षत्र सात-आठ जूनच्या सुमारास लागते, परंतु पाऊस त्या दिवशी येईलच असे नाही. पुष्कळदा आर्द्राही अर्ध्या कोरड्या जातात.

येथेच पहिला प्रश्न उभा राहतो : ऋतू कोणत्या महिन्यांचे धरावे? वाग्भटांनी ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद ही वर्षा सांगितली आहे. सुश्रुताचार्यांनी दोषांच्या संचय-प्रकोपाचा विचार करताना वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म, आषाढ-श्रावण प्रावृट् आणि भाद्रपद-आश्विन वर्षा अशी दुसरी गणना दिली. आमच्या मते आपल्या भागातील चिकित्सेस हीच गणना अधिक जुळते. ऋतुसंधी म्हणजे जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात व येणाऱ्याचे पहिले सात दिवस. पण ज्या गावी पाऊस दोन दिवस येतो आणि पंधरा दिवस पाठ फिरवतो, तेथे हे चौदा दिवस पंचांगात न मोजता रुग्णाच्या जिभेवर व अग्नीवर मोजावेत.

ग्रीष्मातला वातसंचय येथे डोळ्यांनी दिसतो. उन्हाळ कांदा चाळीत भरण्याच्या दिवसांत भर उन्हात निवडीस बसणाऱ्या स्त्रिया, हमाल, महामार्गावरचे वाहनचालक यांचे बल आदानकाळाने आधीच घटलेले असते. खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. कांदा पोटात गेला तर गेला. खिशातल्या कांद्याने शरीराचे तापमान उतरत नाही. ४० अंश सेल्सिअसच्या वर ताप, बरळणे, झटके किंवा बेशुद्धी दिसली तर तो उष्माघात समजावा. रुग्णास सावलीत घेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग थंड करीत राहावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पन्हे, सरबत वा औषध काहीही घालू नये. प्रवाळ-मोत्याचा विचार त्यानंतरचा.

ताकाविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. उन्हाळा म्हटला की आपण सरसकट ताक सांगतो. सुश्रुतांनी मात्र उष्णकाळी, दुर्बलास, मूर्च्छा-भ्रम-दाहात ताक निषिद्ध मानले आहे. हा निषेध आंबट, शिळ्या ताकास प्रामुख्याने लागू करावा असे आम्ही मानतो. ताजे, गोडसर, पुष्कळ पाण्याचे ताक अग्नी पाहून द्यावे. चौकातल्या हातगाडीवरचे बर्फ घातलेले ताक या दोन्हींत बसत नाही.

आता पाण्याकडे वळू. पाणी दोन-चार दिवसांनी येत असेल तर गृहिणी पिंप, रांजण, हौद, टाकी, मिळेल ते भरून ठेवते. तिचा त्यात दोष नाही. परंतु डेंग्यू पसरवणारा एडिस डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून पाऊस कमी तेथे डेंग्यू नाही हा समज खोटा आहे. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात; म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून कोरडे करावे. नुसते रिकामे करून भागत नाही, आतली कडा घासावी लागते, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. ज्वराच्या रुग्णास षडंगपानीय देताना घरातील पिंपाची चौकशी करणे हा आम्ही निदानाचाच भाग मानतो. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरला म्हणजे घरचे निश्चिंत होतात. पोटदुखी, सतत उलटी, हिरड्यांतून रक्त, ग्लानी ही लक्षणे त्याच वेळी येतात. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तापासाठी ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन काउंटरवरून कदापि देऊ नये.

पहिल्या दोन सरी पडल्या की दुसरे पाणी येते. नाल्यांतली घाण वाहून विहिरीत, फुटक्या जलवाहिनीत शिरते. शास्त्राने या काळी भूबाष्प, पाण्याचा अम्लविपाक आणि आदानाने दुर्बल झालेला अग्नी अशी तीन कारणे एकत्र सांगितली आहेत. त्यात आषाढातले तळण, शिळे अन्न आणि आमरसाचा शेवटचा आग्रह यांची भर पडते. परिणाम एकच : अतिसार. आणि अतिसाराचा पहिला सल्ला बहुतेक वेळा आपल्या दवाखान्यात नव्हे, तर औषधी दुकानाच्या काउंटरवर घेतला जातो. “जुलाब बंद होण्याची गोळी द्या” या मागणीत सगळा धोका भरलेला आहे.

आमातिसारात आरंभी स्तंभन करू नये, हे चरकांनी स्पष्ट सांगितले आहे. मल पाण्यात बुडणारा, दुर्गंधी, पोट जड व शूलयुक्त असेल तर तो आम. अशा वेळी लंघन, धान्यपंचकासारखे पाचन आणि अग्नी पाहून लाजामंड, पेया असा क्रम. परंतु या सूत्राचा अर्थ “वाट पाहा” असा करणे बालकाच्या जिवावर बेतते. मलाबरोबर दोष जातो तसा जलांशही जातो, आणि दोन वर्षांच्या मुलाकडे गमावण्यास तो फारसा नसतो. लंघन बालकास नाही. अंगावरचे दूध एक वेळही बंद करू नये. पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी सुरू करावी : पूर्ण पुडी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात, अर्धी पुडी अंदाजाने नव्हे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरील मुलास १०० ते २००, चमच्याने सावकाश. सोबत झिंक दहा ते चौदा दिवस. सहा महिन्यांपर्यंत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०. जलसंजीवनी आणि आपले पाचन यांत विरोध काय आहे, हे आम्हांस आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली त्वचा हळू सरकली, सहा तास लघवी नाही, मूल पीत नाही वा पेंगते, मलात रक्त आहे, यांतील एकही लक्षण दिसल्यास पुडी बांधत बसू नये. वाटेत जलसंजीवनी पाजत मूल रुग्णालयात धाडावे. मोठ्या माणसास तांदळाच्या धुवणासारखे वारंवार जुलाब होत असतील तर पटकीची शंका धरून आरोग्य केंद्रास कळवणे हे आपलेही कर्तव्य आहे.

दुकानदार बंधूंस विशेष विनंती अशी की, कर्पूररसासारखे अहिफेनयुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीशिवाय, आणि बालकासाठी तर मुळीच, हातावर ठेवू नयेत. अहिफेन, भल्लातक, वत्सनाभ ही द्रव्ये औषध नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये आहेत आणि त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते ती याच कारणाने. संजीवनी वटीत भल्लातक व वत्सनाभ दोन्ही आहेत, हे ती मागणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असते?

श्रावणातील उपवासाविषयी थोडके. मंदाग्नीस लघु आहार हा त्यामागील हेतू साबुदाणा व शेंगदाण्याच्या खिचडीने उलटा होतो. भगर त्या मानाने बरी. मात्र दळून ठेवलेले भगरीचे पीठ दमट हवेत बुरसते आणि त्यातून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. भगर निवडून, धुऊन, घरीच लागेल तेवढी दळावी.

शेवटी औषधालय. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी हीन होते असे म्हटले. गुटिका व अवलेह वर्षभर, तर आसव, धातू व रसकल्प जुने झालेले चांगले. लेबलावरची मुदत मोहोरबंद डब्यासाठी असते. डबा उघडून रोज चमचा घातला की ती संपली असे समजावे. लवणभास्करातील लवणे व सितोपलादीतील खडीसाखर हवेतले पाणी ओढून घेतात आणि जूनअखेर डब्यात ढेकूळ उरते. ते ढेकूळ फोडून विकू नये. आषाढ-श्रावणासाठी चूर्णे लहान पॅकिंगमध्ये मागवावीत, खोकी भिंतीपासून वीतभर दूर लाकडी फळीवर ठेवावीत, अवलेहात ओला चमचा जाऊ देऊ नये. गुग्गुळाच्या गोळ्या एकमेकींस चिकटू लागल्या तर बरणीचे झाकण तपासावे. भरड काढ्यास मुठीत घेऊन वास पाहावा. कुबट वास आला तर तो माल, किंमत कितीही असो, परत करावा किंवा टाकावा.