शेवटचे ताट

परवा संध्याकाळी दवाखान्यात एक जोडपे आले. बाईंचे वय तिशीच्या आतबाहेर. "डॉक्टरसाहेब, उभी राहिली की हिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. चांगलेसे टॉनिक लिहून द्या, महाग असले तरी चालेल," नवरा म्हणाला. बाईंची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसात. स्त्रियांत ते निदान १२ आणि गरोदरपणी निदान ११ ग्रॅम हवे.

"काल रात्री घरात काय केले होते?" मी विचारले. मटकीची उसळ, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. "आणि तुम्ही काय जेवलात?" बाई घुटमळल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांचं झाल्यावर अर्धी भाकरी उरली होती. उसळीचं भांडं पुसून खाल्ली. वर चहा घेतला."

नवऱ्याने मान खाली घातली. औषध त्यांच्याच चुलीवर शिजले होते, पण तिच्या ताटापर्यंत पोचले नव्हते.

वाचकहो, हे एका घरापुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पाळीत जास्त रक्त जाणे, जंत, लागोपाठची बाळंतपणे ही त्यांतली काही. पण अपुरे जेवण हे मोठे कारण, आणि ते आपल्या हातातले आहे.

डब्यांत काय आहे?

महिनाअखेरीस भाजी परवडत नाही, तेव्हाही बहुतेक घरांत काही डबे भरलेले असतात. त्यांची किंमत आपण ओळखत नाही. बाजरीत आणि मटकीत लोह चांगले असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. कुळीथ, हरभरा, शेंगदाणे यांत प्रथिने भरपूर. भाकरीतल्या प्रथिनांत जे कमी असते ते डाळी-कडधान्यांतून मिळते आणि कडधान्यांत जे कमी असते ते भाकरीतून. म्हणून भाकरी-उसळ ही जोडी एकेकट्यापेक्षा सरस ठरते.

याउलट, बीट लाल म्हणून रक्त वाढवते हा गैरसमज आहे. त्यात लोह फार थोडे. गुळानेही रक्त भरून येत नाही, आणि मधुमेह्यांनी तर गूळ साखरेसारखाच टाळावा.

कसे शिजवावे?

मटकी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. मोड आल्याने तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते. लोखंडी कढई किंवा तवा असेल तर तो माळ्यावरून खाली काढा. वाढताना उसळीवर लिंबू पिळा, कारण 'क' जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. लिंबू महाग असेल तेव्हा आवळा चालेल. चहाने मात्र हेच शोषण कमी होते. म्हणून चहा जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेऊ नये, तासभर तरी थांबावे. दारात शेवगा असेल तर मूठभर कोवळा पाला आमटीत किंवा कुळथाच्या पिठल्यात घालावा. त्याला एक पैसाही पडत नाही.

काटकसरीची सीमा

शिळी भाकरी ताकात कुस्करून किंवा फोडणी देऊन जरूर खावी. पण उन्हाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेला भात खाऊ नये. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बुरशी आलेले शेंगदाणे धुऊन, भाजून वापरू नयेत. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते. अशा वेळी टाकून देणे हीच काटकसर, आणि ते अन्न घरातल्या बाईने "वाया कशाला घालवायचं" म्हणून संपवणे ही तर मुळीच काटकसर नव्हे.

आता माझी चूक सांगतो. माझी आई १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगे. तेव्हा कामावर मिळणारी सुकडी मजूर घरच्या मुलांसाठी पदरात बांधून आणत. त्यामुळे आमच्या घरी ताटात शीत उरलेले चालत नसे. जेवणाआधी आम्ही श्लोक म्हणत असू, अन्नाला नमस्कार करत असू. पण ते रांधणारी आई शेवटी, ओट्याशी उभ्याने काय खाते, हे कोणी पाहिले नाही. मी डॉक्टर झालो, रक्तक्षयावर भाषणे दिली, तरी पाहिले नाही. जिना चढताना तिला धाप लागली तेव्हा कुठे रक्त तपासले. ते आठ निघाले.

त्या दिवसापासून आमच्या घरी सगळ्यांची ताटे एकदम वाढली जातात. अन्नाविषयीची कृतज्ञता मला तेव्हा थोडीफार कळली, असे म्हणतो.

त्या बाईंना मी लोहाच्या गोळ्या दिल्या. इतका रक्तक्षय नुसत्या आहाराने भरून येत नाही. या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. त्या चहाबरोबर घेऊ नयेत आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. रक्त कमी होण्याचे कारणही डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. टॉनिकची चिठ्ठी मात्र मी लिहिली नाही. नवऱ्याला म्हणालो, "महिनाभर आधी यांचे ताट वाढा, मग तुमचे."

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा एवढेच करा. पहिला घास घेण्यापूर्वी भांड्यात डोकावून पाहा, जिने रांधले तिच्यासाठी त्यात किती उरले आहे.