चाळीस टक्क्यांत मराठी बसवताना

सोयगावात माझं काम मराठी टायपिंगचं: अर्ज, ठराव, प्रतिज्ञापत्रं. स्वतःसाठी छोटा मेकॅनिकल कीबोर्ड आखायला घेतला, तेव्हा वाटलं प्रश्न सोल्डरिंगचा असेल. तो निघाला भाषेचा.

१. छोट्या कीबोर्डवरून ज्या कळा आधी काढल्या जातात, तिथेच आपली अक्षरं राहतात. पूर्ण कीबोर्ड १०४ कळांचा. ज्याला चाळीस टक्के म्हणतात तो चार ओळी, बारा स्तंभ, म्हणजे ४८ कळांत मावतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला 'पी'शेजारचे चौकोनी कंस क्वचितच लागतात, म्हणून ते जातात. इन्स्क्रिप्ट या मराठीच्या सरकारमान्य कळफलकात पहिल्या कंसावर ड-ढ आहेत आणि दुसऱ्यावर शिफ्टसह ञ, ज्याच्याशिवाय ज्ञ जुळत नाही. ड नसलेल्या कीबोर्डवर 'मराठवाडा' लिहायचा कसा? म्हणून त्या कोपऱ्यातलं बॅकस्पेस अंगठ्याखाली आणलं आणि ड आपल्या जागी ठेवला.

२. मराठीत शिफ्ट ही अर्धी लिपी आहे. इन्स्क्रिप्ट १९८६मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, आणि बहुतेक महाप्राण शिफ्टवर. 'शाळा' लिहायला चार कळा, त्यांतल्या दोन शिफ्टसह. 'आणि'सारख्या साध्या शब्दालाही दोनदा शिफ्ट. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावापुरतं लागतं, म्हणून करंगळीला जमतं. स्पेसबार दोन तुकड्यांत विभागून मी एक तुकडा शिफ्टला दिला, आणि दिवसाअखेरचं मनगट हलकं झालं.

३. कीबोर्डला मराठी येत नाही, आणि ते सोयीचं आहे. तो संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळेची खूण पाठवतो. तिचा ड करायचा की कंस, हे संगणक ठरवतो. कीबोर्डच्या आत चालणाऱ्या क्यूएमके फर्मवेअरमध्ये एकदा मांडणी भरली की तीच मराठीला आणि इंग्रजीला चालते. पण प्रत्येक निर्णय दोन्ही भाषांना विचारून घ्यावा लागतो, आणि रोजच्या पोटापाण्याच्या भाषेला मी झुकतं माप दिलं.

४. कोणतं अक्षर किती लागतं, हे आपल्याच कागदांना विचारावं. इंग्रजीवरून काढलेले तक्ते इथे निरुपयोगी. माझ्या कागदांत अर्जदार, खातेदार, सातबारा, गट क्रमांक आणि कापसाच्या या तालुक्यात 'कृषी' सतत. ऋकाराची खूण इन्स्क्रिप्टमध्ये 'बरोबर'च्या चिन्हाच्या कळेवर असते, आणि ती कळ छोट्या कीबोर्डवर नसतेच. ती दुसऱ्या लेअरवर (वेगळी कळ धरून ठेवल्यावर मिळणाऱ्या थरावर) नेली, पण तर्जनीच्या पोहोचीत. आकडे थोडे लांब गेले तरी चाललं. ज्ञसाठी दोन कळा एकदम दाबल्या की ज, हलंत आणि ञ या तिन्ही खुणा क्रमाने जातात.

५. उजव्या करंगळीचं ओझं कागदावर दिसत नाही. ज, ड, च, ट, य हे सगळे तिच्याच वाट्याला. कळांमधलं अंतर १९.०५ मिलिमीटर धरून पूर्ण आकाराचा नकाशा छापला आणि त्यावर बोटं ठेवून 'चटकन', 'जड', 'काय' असे शब्द हवेत टाइप केले. करंगळीचे स्तंभ खाली घ्यायला हवेत, हे प्लेट कापण्याआधीच कळलं. हातांना विचारलेला प्रश्न स्क्रीनवर सुटत नाही.

६. तारांचं गणित तुलनेने सरळ आहे. चार ओळी आणि बारा स्तंभांना सोळाच पिना लागतात. प्रो मायक्रो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या अठरा पिनांत ते बसतं. प्रत्येक स्विचला एक डायोड, सगळ्यांची दिशा एक. त्यामुळे बऱ्याच कळा एकदम दाबल्या तरी न दाबलेली कळ उमटत नाही.

७. स्वातंत्र्य कडेला घ्यावं, गाभ्यात नाही. क कुठे, र कुठे, हेही बदलता आलं असतं. मी बदललं नाही. रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर शिकलेल्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत: तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टाइप करायची, इन्स्क्रिप्टमध्ये व्यंजनानंतर. वर्षानुवर्षांची सवय बोटांतून सहज जात नाही. लिपिकाच्या भरतीला मराठीचा तीस शब्दांचा वेग मागतात, तोही परीक्षा केंद्रातल्या साध्या कीबोर्डवर. अक्षरं सर्वांच्या ठरलेल्या जागी ठेवली, म्हणून तहसीलमधल्या कुठल्याही संगणकावर माझी बोटं अडखळत नाहीत. आपल्या हाताला बेतलेली वस्तू करावी, पण ती करताना हात सर्वांच्या वस्तूला परका होऊ देऊ नये, एवढं मी या कामातून शिकलो.