दोन पदकें : जनरल थोरात यांची हकीकत

एखाद्या सेनाधिकाऱ्याच्या छातीवरील पदकांची ओळ पाहिली म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें हटकून एकच प्रश्न विचारतात : यांतलें सर्वांत मोठें कोणतें? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याआधीं दुसरा एक विचारावयास हवा. तें पदक कशाबद्दल आणि कोणासमोर केलेल्या कृत्याबद्दल मिळालें? या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्यास लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्या चरित्राइतकें सोयीचें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं. ते कोल्हापूरकडील, म्हणजे आपल्याच मुलखांतले, हा वाचकांस आणखी एक लाभ.

थोरातांचा जन्म १९०६ सालचा. इंग्लंडांत सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयांत शिक्षण संपवून ते पंजाबी पलटणींत अधिकारी झाले. त्या काळीं राजाची सनद मिळविणारे हिंदी तरुण अगदीं मोजके होते. वझिरिस्तानच्या डोंगरांतील नोकरी, क्वेट्याच्या स्टाफ कॉलेजांतील अभ्यास, क्रमाक्रमानें बढती, हें सर्व त्या पेशांतील इतरांसारखेंच घडलें. त्यावर आम्ही अधिक लिहीत नाहीं.

पहिल्या पदकाची कथा १९४५ च्या जानेवारींतील आहे. ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावरून जपानी सैन्य दक्षिणेकडे माघार घेत होतें. ज्या रस्त्यानें त्यास जाणें भाग होतें, त्या रस्त्यावर कांगॉ नांवाचें एक खेडें आहे. तें अडविलें म्हणजे माघारीची वाट तुटणार. परंतु तेथें पोंचण्यास सरळ मार्ग नव्हता. भरतीओहोटीच्या नागमोडी खाड्या, दोहों कांठांस तिवरांचें दाट रान, आणि पलीकडे भातखाचरें व टेकड्या. रत्नागिरीकडील ज्या मुलांनीं ओहोटीच्या वेळीं खाडीच्या गाळांत पाय घातला असेल, त्यांस त्या चिखलांतून शस्त्रें व दारूगोळा वाहून नेणें म्हणजे काय याची कल्पना येईल. नावांतून सैन्य उतरविण्यांत आलें, आणि एकेका टेकडीसाठीं अत्यंत निकराचें युद्ध झालें.

या लढाईंत ५१ व्या ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नायक तिघेही हिंदी होते : थिमय्या, सेन आणि थोरात. गोऱ्या अधिकाऱ्यांवांचून हिंदी शिपाई लढेल कीं नाहीं, अशी शंका घेणारे लोक तेव्हां कांहीं थोडे नव्हते. २९ जानेवारीस थोरातांच्या पलटणीनें, नकाशावर जिला ‘मेलरोझ’ असें नांव दिलें होतें, त्या टेकडीवर हल्ला केला. जपानी शिपाई खंदकांत दबा धरून बसले होते आणि जागा सोडण्यास तयार नव्हते. शेवटीं बंदुकीच्या गोळीचें काम संपून संगिनीचें सुरू झालें, आणि टेकडी हातीं आली. तिन्ही नायकांस ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हें पदक मिळालें. १८८६ सालीं स्थापिलेलें हें पदक लढाईंत शौर्यानें नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्यांना देत असत.

येथवरची कथा मुलांस आवडते, आणि ती आवडावी हें योग्यच आहे. मात्र आतां जी सांगावयाची, तींत एकही टेकडी जिंकली गेली नाहीं.

१९५० च्या जूनमध्यें सुरू झालेलें कोरियांतील युद्ध २७ जुलै १९५३ रोजीं तहकूब झालें. त्यापूर्वीं पुष्कळ दिवस वाटाघाटी एकाच गोष्टीपाशीं अडून बसल्या होत्या. पकडलेल्या चिनी व उत्तर कोरियन शिपायांपैकीं बावीस हजारांहून अधिक जण आपल्या देशीं परत जाण्यास नाखूष होते. त्यांस बळानें धाडावें कीं न धाडावें? अखेर असें ठरलें कीं, पांच तटस्थ राष्ट्रांचें एक मंडळ नेमावें, आणि तोंपर्यंत कैद्यांची राखण भारताच्या सैन्यानें करावी. मंडळाचे अध्यक्ष झाले कांगॉचे थिमय्या, आणि राखणदार फौजेचे सेनापति झाले थोरात. आठ वर्षांपूर्वीं एकाच ब्रिगेडींत लढलेले हे दोन सोबती पुन्हां एकत्र आले, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनीं तर भारतीय शिपायाचें पाऊलही आपल्या भूमीवर पडूं देणार नाहीं, असा हट्ट धरला. म्हणून आमचे जवान गलबतांवरून हेलिकॉप्टरांत बसून, अधांतरीं त्या देशावरून जाऊन, मधल्या तटस्थ पट्ट्यांत उतरले. तेथें उभारलेल्या छावणीस ‘हिंद नगर’ असें नांव देण्यांत आलें.

कैद्यांच्या मनांत भारतीयांविषयीं घोर संशय होता : हे आपणांस पकडून चीनच्या हवालीं करणार. ते दगड मारीत, आरोळ्या ठोकीत. कुंपणाच्या आंत त्यांचे स्वतःचे पुढारी होते आणि त्यांचा धाक मोठा होता. एखाद्याच्या मनांत घरीं परतावयाचें आलें, तर त्यास मारहाण होई. पहारेकऱ्यांच्या हातीं बंदुका होत्या. परंतु समोरील माणूस शत्रु नव्हता, तो ठेव म्हणून सांभाळावयास दिलेला माणूस होता. आमच्या मतें या एका गोष्टीनें ती कामगिरी लढाईहून अवघड झाली. शत्रूशीं कसें वागावें हें शिपायास शिकविलेलें असतें. आपल्यावर दगड टाकणाऱ्या पाहुण्याशीं कसें वागावें हें त्यास कोण शिकविणार?

छावणी ताब्यांत येऊन थोडे दिवस झाले असतां चिनी कैद्यांनीं मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास कुंपणाच्या आंत ओढून नेऊन ओलीस धरिलें. बाहेर सशस्त्र पहारा, आंत संतापलेला जमाव. गोळीबार केला असता तर ग्रेवाल तर गेलेच असते, शिवाय शेकडों निःशस्त्र माणसें पडलीं असतीं, आणि ज्या विश्वासावर भारतास तें काम सोंपविलें होतें तोही मातींत मिळाला असता. थोरात तेथें आले आणि मोजक्या सहकाऱ्यांसह, हातीं शस्त्र न घेतां, त्या कुंपणाच्या आंत शिरले. जमावानें त्यांसही वेढलें. आरडाओरडा चालू असतां त्यांनीं रागावून हुकूम सोडला नाहीं. चिनी लोक आतिथ्याबद्दल प्रसिद्ध आहेत, आणि मी इतका वेळ तुमच्यांत उभा असून कोणी साधी सिगारेट किंवा चहाही विचारला नाहीं, अशा अर्थाचें कांहीं ते बोलले. जमावांत हंशा पिकला. ज्यास चहा विचारावयाचा, त्यावर हात उगारणें अवघड जातें. बोलणीं सुरू झालीं, आणि मेजर ग्रेवाल सुखरूप बाहेर आले.

सगळेच दिवस असे टळले नाहींत, हेंही आम्ही लपवीत नाहीं. ऑक्टोबरच्या आरंभीं कुंपण मोडूं पाहणाऱ्या जमावावर पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली आणि कांहीं कैदी मेले. परंतु एवढ्या मोठ्या छावणींत पुढील महिन्यांत सर्वनाश झाला नाहीं. १९५४ च्या आरंभीं कैद्यांचा प्रश्न मार्गी लागला आणि फौज मायदेशीं परतली.

या कामगिरीबद्दल थोरातांस अशोकचक्र, द्वितीय श्रेणी, हें पदक मिळालें. १९६७ पासून त्यास कीर्तिचक्र म्हणतात. शत्रूसमोरील शौर्याकरितां परमवीरचक्र, महावीरचक्र व वीरचक्र आहेत. अशोकचक्राच्या श्रेणी शत्रु समोर नसतां दाखविलेल्या शौर्याकरितां नेमलेल्या आहेत. वर्गांतील मुलांस हा भेद पाठ असतो, पण तो कां केला हें क्वचितच सांगतां येतें. पालकांनीं घरीं ही चिनी छावणीची गोष्ट सांगून पाहावी.

पुढें थोरात पूर्व विभागाचे सेनापति झाले. १९५९ सालीं त्यांनीं ईशान्य सीमेच्या रक्षणाविषयीं एक टिपण वर पाठविलें. ठाणीं सीमारेषेवर न मांडतां, जेथें आपणांस रसद सहज पोंचेल व शत्रूस ती दुरून आणावी लागेल, अशा जागीं मागें मांडावीं, असें त्यांचें म्हणणें होतें. वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. १९६१ सालीं थोरात निवृत्त झाले, आणि १९६२ च्या शरदांत त्या सीमेवर काय घडलें हें सर्वांस माहीत आहे. त्यानंतर पंडित नेहरूंनीं त्यांस बोलावून घेतलें व तें टिपण मागून वाचलें. तेव्हां थोरातांनीं सेवा सोडून सुमारें दीड वर्ष लोटलें होतें.