संगणकातील किर्द

किर्दीतील चूक खोडू नये, दुरुस्तीची नवी नोंद घालावी, हा पेढीचा दंडक आम्हां सराफ्यातील व्यापाऱ्यांस नवा नाही. भाव व घडणावळ यांचा हिशेब आता संगणकाची आज्ञावली करते. तिच्यातील फेरफार कोणी, केव्हा व का केले, हेही आम्हांस पाहता आले पाहिजे. लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली रचलेली ‘गिट’ ही व्यवस्था तेच साधते.

‘गिट लॉग’ ही आज्ञा देताच नोंदी नव्याकडून जुन्याकडे उलगडतात. प्रत्येकीत कर्त्याचे नाव, तारीख, कारण व ओळखक्रमांक असतो. ‘गिट ब्रँच’ शाखांची यादी देते. चालू शाखेपुढे तारका असते. शाखा म्हणजे मूळ हिशेबास धक्का न लावता नवा आकार अजमावून पाहण्याची निराळी वही. साधा लॉग चालू शाखेचाच वृत्तान्त सांगतो. सर्व शाखांचा वंशवृक्ष पाहावयाचा असल्यास त्यास ‘ग्राफ’ व ‘ऑल’ हे पर्याय जोडावे.

प्रत्येक ओळखक्रमांक मागील नोंदीच्या क्रमांकावरही अवलंबून असतो. जुनी नोंद बदलली की पुढचे सारे क्रमांक बदलतात. म्हणून एक प्रत अन्यत्र ठेवावी. दोन्ही ताडून पाहता लबाडी लपत नाही. सत्य व अचौर्य ही अणुव्रते मानणाऱ्या आम्हां व्यापाऱ्यांनी ही वहीदेखील स्वतः वाचावयास शिकले पाहिजे.