गार पाण्यावर पास झालेलं झाकण

सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत खरा धंदा पहाटे होतो. मार्गशीर्षातली थंडी, तापीवरून येणारं वारं आणि पंजाब-राजस्थानपासून घोडे घेऊन आलेली माणसं शेकोटीभोवती बसलेली. माझा धाकटा भाऊ त्या घोडेबाजारात फिरून चहा विकायचा. चहा शहाद्याला घरी उकळायचा आणि दहा लिटरच्या दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या कॅनमधून मोटारसायकलवर न्यायचा. त्या कॅनचं झाकण मी बनवलं होतं, आणि त्याच झाकणामुळे त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

मी लेथवर काम करतो. पंपाचे शाफ्ट आणि बुश कातण्यात वर्षं गेली. कॅनचं मूळ झाकण तडकलं आणि त्या मापाचं दुसरं मिळेना, म्हणून दुकानात पडलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून नवं कातलं. आटे जेमतेम दीड फेऱ्याचे घेतले, म्हणजे भावाला चटकन उघडता येईल. खाली सायकलच्या ट्यूबमधून कापलेली वाशर बसवली. मग गार पाणी भरून कॅन रात्रभर उलटा ठेवला. सकाळी खालचा कागद कोरडा होता. मी झाकण पास केलं.

चूक तिथेच झाली. गार पाणी झाकणाला ढकलत नाही, उकळता चहा ढकलतो. झाकण लावताना वर जी हवा कोंडते ती तापते आणि फुगते. रस्त्यावर कॅन हिंदकळला की तिच्यात वाफही मिसळते. नुसती हवा ३० अंशांवरून ९५ अंशांवर गेली तरी बंद जागेत तिचा दाब पाचव्या हिश्शाने वाढतो, वाफेचा दाब त्यावर वेगळा. कॅनचं तोंड ८ सेंटिमीटरचं, म्हणजे झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा वाढीव दाबानेही त्या झाकणाला खालून जवळजवळ १० किलोचा रेटा बसतो. हा हिशेब मला येत होता. पंपाच्या बाबतीत मी तो रोज करतो. चहाच्या कॅनसाठी करावा असं मला वाटलं नाही.

त्या पहाटे कॅन कॅरिअरला तिरका बांधलेला होता. भावाने तो न सोडता झाकण फिरवलं. तिरक्या कॅनमध्ये हवा खांद्याशी जाऊन बसते आणि तोंडाशी चहा येतो. दीड फेऱ्याचे आटे संपले, झाकण उडालं आणि मागच्या हवेने चहा बाहेर फेकला. जवळच्या कुणीतरी मायेनेच टूथपेस्ट लावली. दवाखान्यात ती काढताना जास्त यातना झाल्या. भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरायचा, बाकी काही लावायचं नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवं झाकण करण्याआधी मी दोन वस्तू नीट पाहिल्या. एक होता धडगावकडच्या एका गिऱ्हाइकाच्या घरचा पाण्याचा तुंबा. वाळवलेला भोपळा, त्याला मक्याच्या बुरकुंडाचं बूच. बूच हलकं, सच्छिद्र, उष्णता सहज न जाऊ देणारं, आणि आत दाब वाढलाच तर आपणहून सैल होणारं. दुसरी वस्तू म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरांचा लस नेण्याचा डबा. त्यात चार बर्फाचे पॅक असतात आणि लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं. ते डब्याच्या भिंतीसारखंच जाड होतं आणि आत फोम भरलेला होता. माझ्या कॅनच्या भिंतीत निर्वात पोकळी, आणि वर मात्र ॲल्युमिनियम, जे साध्या प्लास्टिकच्या हजारपट उष्णता वाहतं. भाऊ कितीदा म्हणाला होता, “दादा, चहा लवकर निवतो.” मी कॅनला दोष देत होतो.

नवं झाकण पॉलिप्रॉपिलीनचं केलं. त्याचा खालचा भाग ४ सेंटिमीटर गळ्यात उतरतो. तो पोकळ आहे, आत पफ फोम आहे आणि बूड पूर्ण बंद, कारण फोम चहाला लागता कामा नये आणि एकदा भिजला की उपयोगाचा राहत नाही. ट्यूबचं रबर अन्नासाठी नसतंच, म्हणून फूड ग्रेड सिलिकॉनची ४ मिलिमीटर जाडीची गोल रिंग घेतली. ती आवळल्यावर साधारण पाचव्या हिश्शाने दबावी. त्याहून जास्त दाबली तर कायमची चपटी होते आणि मग गळते. खोबण बोटाने रिंग निघेल अशी ठेवा. रिंगेमागे साचलेलं दूध दिसत नाही, पण नासतं.

सगळ्यात जास्त विचार मी आट्यांवर केला. सोडा वॉटरच्या प्लास्टिक बाटलीची मान जवळून बघा. आटे सलग नसतात, मध्ये उभ्या खाचा असतात. झाकण थोडं फिरलं की रिंग उचलते आणि कोंडलेली हवा त्या खाचांतून निघून जाते, तरी उरलेले आटे झाकण धरून ठेवतात. मी आता तीन फेऱ्यांचे आटे घेतो आणि त्यांना छेदणाऱ्या चार उभ्या खाचा कानसतो. सांडू न देणं आणि हवेला वाट देणं ही कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. त्यांचा मेळ एवढ्याच जागी बसतो.

परीक्षा गरम पाण्यावरच घ्या. रंग घातलेलं उकळतं पाणी भरा, वर दोन-तीन बोटं जागा सोडा, झाकण लावून कॅन हलवा आणि कागदावर आडवा ठेवा. मग सरळ उभा करून जाड फडक्याने, तोंड लांब ठेवून, झाकण पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज येऊन थांबला पाहिजे आणि तोवर झाकण हाताने ओढून निघता कामा नये. दर तासाला थर्मामीटर लावा. दुधाचा चहा ६० अंशांखाली उतरला की तो तासन्‌तास साठवू नका. झाकणाचा माथा तळव्याला ऊन लागला तर उष्णता तिथूनच जाते आहे, हे नक्की समजा.

कॅन विकत घेणाऱ्यांनी भारतीय मानक ब्युरोची खूण पाहूनच तो घ्यावा. घरी किंवा लेथवर करून घेतलेलं झाकण कुणी वापरत असेल, तर आजच उघडून पाहा. आटे किती फेऱ्यांचे आहेत ते मोजा, हवेला वाट आहे का बघा. नसेल, तर चार खाचा पाडायला कानशीने दहा मिनिटं लागतात.