हळदीची गाडी आणि रात्रीचा मुक्काम

प्रश्न : हळद घेऊन हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात येतो. आवक वाढली की रांग लागते, रात्र पिकअपमध्येच काढावी लागते. काय जपावं?
— एक शेतकरी, सेनगाव तालुका

उत्तर : चोराची धास्ती सगळ्यांनाच असते. मला जास्त भीती वाटते ती काचा लावून, इंजिन चालू ठेवून एसीत झोपणाऱ्यांची. उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो; त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस जागाच होत नाही. इंजिन बंद करा, दोन्हीकडच्या काचा चार बोटं उघड्या ठेवा. डास असतील तर तिथे मच्छरदाणीचं कापड लावा. आत शेगडी-स्टोव्ह नकोच.

यार्डात जागा नाही म्हणून अकोला-नांदेड महामार्गाच्या कडेला झोपू नका; मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसेलच असं नाही. दिव्याखाली, ओळखीच्या गाड्यांशेजारी थांबा आणि पाळीपाळीने जागा. ताडपत्रीच्या दोरीचं टोक केबिनमध्ये घ्या. कुणी हात लावला की हिसका कळतो. हळदीचे पैसे शक्यतो खात्यावरच घ्या, रोकड उशाला घेऊन दुसरी रात्र कशाला? गरज पडली तर 112 लावा.