दान, आपत्ती आणि नामवंतांचे वलय

संकटकाळी नामवंतांच्या शब्दावर लोक झोळी मोकळी करतात. त्या दानाचा हिशेब मात्र संस्थेलाच ठेवावा लागतो. बौद्ध उपासक व अभिनेते जेट ली डिसेंबर २००४च्या त्सुनामीत मालदीवमध्ये सापडले आणि बचावले. २००७ साली त्यांनी चिनी रेडक्रॉसच्या छत्राखाली ‘वन फाउंडेशन’ स्थापन केले. आवाहन साधे होते : माणशी दरमहा एक युआन. १२ मे २००८ रोजी सिचुआनमध्ये भूकंप झाला, तेव्हा संस्था जेमतेम वर्षाची होती. मात्र परक्या छत्राखाली स्वतःचा कारभार चालविता येत नाही. २०११च्या प्रारंभी ती शेन्झेन येथे स्वतंत्र उभी राहिली. वलयाइतकेच हे कागदोपत्री स्वातंत्र्यही मोलाचे, असे मला वाटते.

तैवानमध्ये याच्या कितीतरी आधी, १९६६ साली, भिक्खुणी चेंग येन यांनी ‘त्झू ची’ सुरू केली, तीही कोणा नटाविना. तीस गृहिणी बाजारखर्चातून रोज पन्नास सेंट बांबूच्या नळकांड्यात टाकीत. महिन्याकाठी एकदम का नको? कारण रोज टाकताना रोज दुसऱ्याची आठवण होते. २१ सप्टेंबर १९९९च्या भूकंपानंतर याच संस्थेने सुमारे पन्नास शाळा पुन्हा बांधल्या.